खसखशीएवढी अक्षरं

लेम्युएल स्ट्रॅटन गुरुवारी ग्रंथालयात आला.
बाहेर बर्फाचा चिखल, मिसूरीवरून येणारा वारा,
पायात तुरुंगानं दिलेले कॅनव्हासचे बूट.
पुस्तक नको होतं त्याला.
खिशातून एक निळं कार्ड काढलं
आणि आठ घड्यांचा कागद.
"मिस वेदरबी, वाचून दाखवाल? मला वाचता येतं,
पण हे येत नाही."

चार वर्षं त्यानं तिथल्या धोबीखान्यात चादरी मोजल्या.
सुटताना खिडकीतून मिळाले
दोनशे तेरा डॉलर चाळीस सेंट,
नोटांत नाही, ह्या निळ्या प्लास्टिकमध्ये.
वर उडणाऱ्या पक्ष्याचं चित्र.

"चादरीत माझी कधी चूक नाही झाली.
मग हेच कमी का भरतंय?"

नकाशांसाठी ठेवलेलं भिंग मी काढलं.
अक्षरं खसखशीएवढी, तीही राखाडी,
छापतानाच कुणी ओशाळलं असावं.

बसस्टँडच्या यंत्राला त्यानं नुसतं विचारलं होतं, किती आहेत?
विचारण्याचा दीड डॉलर.
म्हणजे यंत्रानं सांगितलेला आकडा
सांगून होईस्तोवर खोटा झालेला.
साठ काढले, त्याचे दोन पंच्याण्णव.
पेट्रोल पंपावर दीडशे मागितले, तेवढे नव्हते,
यंत्र नाही म्हणालं.
नकाराचा एक डॉलर.
"नाही म्हणायचेसुद्धा?"
हो लेम, कलम सात.
मग त्यानं कंपनीला फोन केला. रागावून पुन्हा केला.
फोनाचे दोन, रागाचे दोन.
आणि आज पहाटे, तो बहिणीच्या सोफ्यावर झोपेत असताना,
अडीच डॉलर, आठवड्याची देखभाल.
"कुणी केली देखभाल?
कार्ड तर माझ्या उशाखाली होतं."

एका जुन्या सूचीपत्राच्या पाठीवर मी बेरीज मांडली:
अकरा डॉलर पंच्याण्णव.
तो छताकडे बघत राहिला. ओठ हलत होते.
"तासाला तीस सेंट मिळायचे," म्हणाला,
"म्हणजे चाळीस तास.
दहा मिनिटं कमी."

मला काही सुचेना. मी कागद उलटला.
मागच्या बाजूला, घडीच्या अगदी रेघेवर, कलम एकोणीस:
बँकेच्या खिडकीवर ओळख दाखवून
सगळी रक्कम एकदा काढता येईल. शुल्क नाही.
वाट होती. फक्त तिच्यावर घडी पाडून ठेवलेली.

जेवणाच्या सुट्टीत मी त्याच्याबरोबर गेले.
खिडकीतल्या ट्वायलाला हे माहीत नव्हतं,
तिनं भिंग मागितलं, मग साहेबांना बोलावलं,
साहेबांनीही भिंग मागितलं.
एकशे एक्केचाळीस डॉलर मोजून आले.
लेमनं ते पुन्हा मोजले, चादरींसारखे, कोपरे जुळवून.
वरचे पंचेचाळीस सेंट खिडकी देत नाही म्हणे.
"राहू देत," तो म्हणाला. "पुढच्या गुरुवारी देखभाल येईल,
उपाशी जायला नको."

परतताना त्यानं ग्रंथालयाचं कार्ड करून घेतलं.
तीन वेळा उलटून पाहिलं.
मागे सहीपुरती एक रेघ, बाकी कोरं.
"ह्याचं किती?"
काही नाही. उशीर झाला तर दिवसाला दहा सेंट.
"अजून?"
अजून काही नाही.
त्याचा विश्वास बसला नाही. तरी नद्यांचा एक ॲटलस नेला.

तीन आठवड्यांनी आणून दिला, एक दिवस उशिरा.
मी म्हटलं, असू दे लेम.
त्यानं टेबलावर दहा सेंटचं नाणं ठेवलं,
बोटानं माझ्याकडे सरकवलं.
"नाही," म्हणाला, "हे तुम्ही आधी सांगितलं होतंत.
तोंडानं."